कापलेली भिंत आणि तेरची पांढरी

ज्या सातव्या निजामाच्या नावाची खूण आपल्या धाराशिव जिल्ह्याने 2023 सालापर्यंत आपल्या नावात वागवली, त्या मीर उस्मान अली खान यांनी 1930 साली हैदराबादच्या सरकारी संग्रहालयास इजिप्तमधील एक ममी बहाल केली. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती एक हजार पौंड मोजून खरेदी केली होती, आणि धाराशिव, तुळजापूर, परांडा, कळंब ही सारी ठाणी त्या काळी त्याच संस्थानाच्या अमलाखाली असल्यामुळे, कज्जेदलालीच्या वा दप्तरी कामाच्या निमित्ताने राजधानीस गेलेल्या आपल्याकडच्या कित्येकांना इजिप्त नावाचा मुलूख प्रथम भेटला असेल तो त्या काचेच्या पेटीपाशीच. परंतु प्रेत पाहून संस्कृती कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे हस्तकौशल्य, श्रद्धा आणि राज्यकारभाराची शिस्त जिच्या अंगी साठलेली असते ती वस्तू निराळी असते, आणि इजिप्तच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे भिंत: चुनखडीच्या दगडात उथळ कोरलेली, पांढऱ्या लेपाने गुळगुळीत केलेली आणि मग नखशिखान्त रंगवलेली भिंत. अशा एका भिंतीची हकीकत आज सांगावयाची आहे, आणि ती तेर या गावाच्या संदर्भात सांगावयाची आहे. कारण तेरला आज जे शासनाच्या ताब्यात आहे आणि जे अद्याप मातीखाली आहे त्याची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न त्या हकीकतीपुढे ठेवून पाहिला तरच नीट उलगडतो, असे माझे मत आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे सव्वादोन मीटर उंचीची एक चुनखडीची शिळा आहे. तीवर दोनच आकृती आहेत. एक, ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकाच्या प्रारंभी इजिप्तवर राज्य करणारा पहिला सेती राजा, आणि दुसरी, मृतात्म्याचे स्वागत करणारी हाथोर देवी, जिच्या मस्तकी गाईची शिंगे आणि शिंगांच्या मधोमध सूर्यबिंब आहे. देवीने एका हाताने राजाचा हात धरला आहे आणि दुसऱ्या हाताने आपल्या गळ्यातील मण्यांचा जड हार ती त्याच्यापुढे करीत आहे. राजाचा हात त्या हारापर्यंत पोहोचतो आहे. एवढाच प्रसंग. परंतु जरा जवळून पाहावे तो ध्यानात येते, की देवीच्या वस्त्रावर जी मण्यांची जाळी दाखविली आहे तिच्या घराघरांतून चित्रलिपीची अक्षरे कोरलेली आहेत, आणि त्यांत राजाचे नाव व त्यास दीर्घ राज्यभोग इच्छिणारे शब्द आहेत. म्हणजे देवी अंगावर जे नेसली आहे तो एक आशीर्वादाचा मसुदाच आहे. राजाचे वस्त्र त्याहून विलक्षण आहे. त्याच्या बारीक चुण्या आणि त्यांतून झिरपणारा अंगाचा तांबूस वर्ण हे दोन्ही त्या कारागिराने दगडात आणि रंगात असे साधले आहेत की, तलम कापडाची पारख ज्याला आहे अशा माणसाचा हात नकळत पुढे व्हावा. या कापडाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

ही कारागिरी कशी होत असे ते सांगावयाला हवे, कारण आपल्याकडे शिल्प म्हणजे उघडा काळा दगड अशी नजर झाली आहे. (वेरूळच्या कैलासाला जुन्या काळी रंगमहाल म्हणत, त्याच्या अंगावर गिलावा आणि रंग होता व त्याचे अवशेष अद्याप दिसतात, हे आपण विसरून गेलो आहोत.) इजिप्तमध्ये प्रथम भिंत घासून सपाट करीत आणि तांबड्या रंगात भिजवलेली दोरी ताणून, तिचा फटकारा मारून भिंतीवर चौकटी आखून घेत. त्या चौकटींच्या हिशेबाने माणसाच्या देहाचे प्रमाण ठरलेले असे: मस्तक बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. तांबड्या रेषेने हाताखालचा चित्रकार आकृती काढी आणि त्याचा उस्ताद काळ्या रेषेने ती दुरुस्त करी; ही शिळा जेथून आली त्या सेतीच्याच थडग्यातील एका दालनात हे काम अपुरे राहिले असल्यामुळे त्या रेखा आजही जशाच्या तशा पाहावयास मिळतात. मग पाथरवट आकृतीभोवतीचा दगड थोडासाच उतरवून ती उठावात आणी, आणि शेवटी रंगारी येई. तांबडा व पिवळा रंग गेरूसारख्या मातींचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा वा जिप्समचा, आणि निळा वाळू, चुना व तांबे भट्टीत एकत्र भाजून सिद्ध केलेला. हा निळा रंग मनुष्याने कृत्रिम रीतीने घडविलेल्या रंगांपैकी अतिप्राचीन होय. जे थडगे एकदा बंद झाल्यावर कोणाही जिवंत माणसाच्या दृष्टीस पडू नये अशीच योजना होती, त्याच्या अंधारात एवढा खटाटोप केला गेला, यावरूनच त्या शिल्पाचा खरा प्रेक्षक कोण होता ते समजते. ते शिल्प जागेसाठी होते. राजा दारातून आत जातो, तेथे देवी त्याचा हात धरते, आणि पुढच्या भिंतीवर पुढचा प्रवास सुरू होतो, असा तो एक सलग ग्रंथ होता.

त्या ग्रंथाचे पान फाडले गेले. पूर्वायुष्यात सर्कशीत शक्तीचे प्रयोग करणाऱ्या बेल्झोनी नामक इटालियन साहसी पुरुषास 1817 साली हे थडगे सापडले. त्याने भिंतींवर ओले कागद व मेण दाबून ठसे घेतले, त्यांबरोबर ठिकठिकाणचा रंग उचकटून निघाला, आणि त्या ठशांवरून उभारलेल्या देखाव्याचे प्रदर्शन 1821 साली लंडनमध्ये तिकीट लावून मांडले गेले. राजाची अर्धपारदर्शक शिळेची शवपेटी 1824 साली लंडनच्या सर जॉन सोन यांनी दोन हजार पौंडांस विकत घेतली. ती आजही त्यांच्या घरच्या संग्रहालयात आहे. 1829 साली, ज्याने सात वर्षांपूर्वी चित्रलिपीचे कोडे उलगडून साऱ्या जगाला उपकृत केले होते तो फ्रेंच पंडित शाम्पोल्यों त्या थडग्यात आला, आणि त्याने व त्याचा इटालियन सहकारी रोसेल्लिनी याने दाराच्या दोन अंगांच्या शिळा करवतीने कापून काढविल्या. एक पॅरिसला गेली, तिची जोडीदारीण फ्लॉरेन्सला. राजाचा देह 1881 मध्ये दैर अल्-बहारीच्या गुप्त कोठडीतून निघाला आणि तो आता कैरोत आहे. एका माणसाच्या परलोकयात्रेची अशी वाटणी चार शहरांत झाली. वारसाहक्काचा कज्जाही इतका विस्कटत नाही.

या हकीकतीत एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे तिला साधी चोरीची कथा म्हणता येत नाही. ज्या वर्षी शाम्पोल्योंने ती शिळा कापविली त्याच वर्षी, परत निघण्यापूर्वी, त्याने इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली यास एक निवेदन लिहून दिले, की आपल्या देशातील प्राचीन वास्तूंची मोडतोड होत आहे, दगडांसाठी देवळे पाडली जात आहेत, तरी सरकारने त्यांच्या रक्षणाची तजवीज करावी. पुढे 1835 साली महंमद अलीने पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा जो हुकूम काढला, त्याच्या मुळाशी हे निवेदन होते असे मानले जाते. एका हाताने करवत आणि दुसऱ्या हाताने रक्षणाचा अर्ज, असा हा प्रकार आहे. त्यास दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण मला तो दांभिकपणा वाटत नाही. त्या काळच्या विद्वानाची प्रामाणिक समजूत अशी होती की वस्तू वाचली म्हणजे सर्व वाचले; तिची जागा, तिच्या शेजारची भिंत, तिच्याखालची माती ही वस्तूचाच भाग असतात हे ज्ञान त्याच्या शास्त्राला अद्याप झालेले नव्हते. आज ते झाले आहे. म्हणून शाम्पोल्योंला जी सूट देता येते ती आपल्याला स्वतःस देता येत नाही.

लूव्रच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते बोललेच पाहिजे. थडग्यात उरलेल्या भिंतींची नंतर मोठी हानी झाली. ओल आली, दगड तडकला, ठसे घेणाऱ्यांनी रंग नेला. कापून नेलेल्या शिळेचे रंग मात्र बऱ्याच अंशी टिकले, आणि दरवर्षी लक्षावधी लोक ते पाहतात. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच, की जे टिकले ते काय टिकले? देवी टिकली, राजा टिकला. पण ती त्याला कोठे नेत होती ते लूव्रच्या दालनात उभे राहून कळत नाही. 2017 साली बाझल येथील संग्रहालयाने या थडग्याच्या काही दालनांची हुबेहूब प्रतिकृती उभारून विखुरलेले तुकडे आपापल्या जागी बसवून दाखविले, तेव्हा या गोष्टीची जी कबुली मिळाली ती शंभर व्याख्यानांनी मिळाली नसती: करवतीने जे केले ते सांधावयास दोन शतकांनंतर यंत्रांची फौज लागली, आणि तीही नकलेपुरती.

आता तेरकडे वळू. तेरणेच्या काठचे हे गाव आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे, गाव म्हणून ठाऊक आहे, आणि ते यथार्थच आहे. परंतु गोरोबाकाकांच्या चाकाच्या सुमारे बाराशे वर्षे आधी येथली मडकी, येथले मणी आणि विशेषतः येथले कापड यांचा व्यापार समुद्रापलीकडे चालत होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे जे टिपण लिहिले, आणि जे 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात तगर या नगराचा उल्लेख आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि ते अतिशय मोठे नगर. पैठणहून गोमेदाच्या जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड, मलमलीचे नाना प्रकार आणि इतर माल, हे सर्व गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचला उतरे. त्या टिपणकाराने स्वतः तगर पाहिले नसेलही. परंतु माल कोठून येतो हे त्याला माहीत होते, आणि व्यापाऱ्याची माहिती राजाच्या प्रशस्तीपेक्षा भरवशाची असते.

हे तगर कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बरीच शाई खर्ची घातली. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. पुढे 1901 साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे सप्रमाण मांडले, आणि पाठोपाठ हेन्री कझन्स यांनी येथले त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ, म्हणजे मूळचे गजपृष्ठाकार चैत्यगृह, जगापुढे आणले. कोकण आणि कोल्हापूर या दोन्हीकडचे शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद लावीत. म्हणजे आपले राज्य दुसरीकडे असताना मूळ गाव म्हणून ते तेरचे नाव सांगत. ज्या गावचे नाव राजे अभिमानाने लावीत, तेथे जाणाऱ्या आजच्या वाटसरूला त्यातले काही सांगणारी एखादी पाटी वाटेत सहज दिसावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सेतीच्या अंगावरचे तलम वस्त्र तेरचे होते असा याचा अर्थ नाही. त्याचा काळ तगरच्या भरभराटीच्या तेराशे वर्षे अगोदरचा, आणि ते वस्त्र इजिप्तच्याच जवसाच्या धाग्याचे. परंतु तलम कापडाचा जो शौक त्या देशाने दगडात कोरून ठेवला, तो रोमन अमलातही ओसरला नव्हता, आणि आता त्या देशाच्या बंदरांत आपल्याकडचा कापूस उतरू लागला होता. जहाजे मोसमी वाऱ्यावर भडोचहून निघत आणि तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके व म्योस हॉर्मोस या बंदरांस लागत. तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून कोप्टोसला, आणि तेथून नाईल नदीने अलेक्झांड्रियास. बेरेनिकेच्या उत्खननांत हिंदुस्थानी सुती कापडाचे तुकडे, मिऱ्यांनी भरलेला रांजण आणि सागवानी लाकूड ही सापडली आहेत. 2023 साली तेथील उत्खनकांनी संगमरवरी बुद्धमूर्तीची बातमी दिली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. त्याच बातमीत सातवाहनांची दोन नाणी तेथे मिळाल्याचेही नमूद होते, त्याकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बुद्धमूर्तीपेक्षा ती दोन नाणी आम्हांला जवळची आहेत. ज्यांच्या अमलात तगर नांदत होते त्यांचा शिक्का इजिप्तच्या किनाऱ्यावर पोहोचला होता, याचा तो रोख पुरावा आहे.

तेरच्या बाजूचा पुरावा कोठे आहे? तो तेरमध्येच आहे, आणि हेच तेरचे अपूर्व भाग्य. कै. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच व्यापारी गृहस्थांनी आयुष्यभर गावातील व शिवारातील जुन्या वस्तू जमा केल्या, आणि त्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. हजारो वस्तूंचा तो संग्रह आहे: सातवाहन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीचे दिवे, रोमन नाण्यांवरून छापलेली मातीची पदके. त्यांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, जिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेई येथे, इसवी सन 79 मधील ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. भोकरदनलाही त्याच घराण्यातील एक तुकडा निघाला आहे. पण मला विचाराल तर हस्तिदंतापेक्षा येथल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्ती अधिक बोलक्या आहेत. त्या दोन साच्यांतून काढीत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, आणि दोन्ही सांधून आतून पोकळ अशी मूर्ती भट्टीत जाई. सांधा जुळवताना बोट फिरविल्याची जागा काही मूर्तींवर कडेला कळते. डोक्यावरचा केशसंभार मात्र इतका बारकाईने दाखविला आहे, की त्या काळच्या तेरच्या बायकांना वेणीफणीस किती वेळ लागत असेल याचा हिशेब करीत बसावे. एका जागी राजासाठी डोंगर पोखरून भिंत रंगविली जात होती, दुसऱ्या जागी पेठेत विकण्यासाठी साच्यातून मूर्ती काढल्या जात होत्या. इतिहासाला दोन्हींची गरज आहे, आणि लोकशाहीच्या नागरिकाला, माझ्या मते, दुसऱ्या प्रकारच्या वस्तूविषयी थोडे अधिक ममत्व वाटावयास हरकत नाही.

उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही या संग्रहालयात आहे. सेतीच्या दाराची अंगे पॅरिस आणि फ्लॉरेन्सला गेली. उत्तरेश्वराच्या दाराची चौकट गावातल्या गावात राहिली. मंदिर पाहून संग्रहालयात जाणाऱ्याला ती मनातल्या मनात पुन्हा बसवून पाहता येते. दगडात किंवा लाकडात जे कोरले आहे ते आणि ते जिथे होते ती जागा, यांत पायी चालण्याइतकेच अंतर असणे ही सामान्य गोष्ट नव्हे. युरोपातील कित्येक नामांकित संग्रहालयांना ती कितीही पैसा ओतून मिळवता येणार नाही.

लामतुरे यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करून थांबणे सोयीचे ठरेल, परंतु न्यायाचे होणार नाही. जी वस्तू उत्खननाच्या शिस्तीतून न येता रानातून, ओढ्याच्या कडेवरून, घराच्या पायातून हाती येते, तिचे गाव कळते पण थर कळत नाही. कोणत्या घरात होती, कशाशेजारी होती, कोणाच्या अमलातली होती, हे सारे ती मागे टाकून आलेली असते. त्यांनी त्या गोळा केल्या नसत्या तर त्या नष्ट झाल्या असत्या किंवा परगावच्या दलालाच्या पिशवीतून गेल्या असत्या, हे खरेच. म्हणून दोष त्यांचा नाही. दोष त्या परिस्थितीचा आहे, जिच्यात गावची पांढरी ही कोणाचीच मिळकत नसल्यासारखी वागविली जाते. आपल्या मराठवाड्यात गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शतकानुशतके माणसे जेथे राहिली, चुली पेटल्या, राख आणि शेण साचले, त्या जागेची माती पांढरट होते, आणि धाब्याच्या घरांच्या माळवदावर घालावयास तीच उत्तम म्हणून लोक ती खणून नेत आले. धाब्यावरून पावसाचे पाणी गळू नये म्हणून जी माती टोपलीटोपलीने वर गेली, तिच्यात तगर होते. यात गावकऱ्यांचा अपराध कोणता? त्यांना त्या मातीची दुसरी किंमत कोणी सांगितलीच नव्हती.

1958 साली चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, 1960 साली ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर पुस्तिका लिहिली, आणि पुढील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेषही उजेडात आले. म्हणजे विद्वानांनी तेरकडे पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. पण हे सारे ज्ञान इंग्रजी अहवालांतून राहिले आणि तेरच्या चावडीपर्यंत पुरेसे उतरले नाही. कायदेही कमी नाहीत. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी वर्दी देणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. 1972 च्या कायद्याने पुरावशेष देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तींना मनाई आहे. तथापि ज्या शेतकऱ्याच्या नांगरास मणी लागतो त्याच्या मनात कायद्याविषयी पहिली भावना भयाची असते: जमीन जाईल, कचेरीचे खेटे पडतील, पंचनाम्यात नाव येईल. भयापोटी माणूस वस्तू लपवतो किंवा विकतो. महंमद अलीचा 1835 चा हुकूमही बहुतांशी कागदावरच राहिला होता, आणि त्यानंतरही इजिप्तच्या भिंती कित्येक दशके कापल्या जात होत्या, हे आपल्या कारभाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

यावर एक सूचना नेहमी पुढे येते, आणि ती सद्हेतूने येते: तेरचा उत्तम माल मुंबईला न्यावा, तेथे सुरक्षा आहे, वातानुकूलन आहे, जगाची वर्दळ आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर 2023 पासून भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम येथील शिल्पे एकत्र मांडण्यात आली, परदेशी संग्रहालयांनी आपली शिल्पे त्यासाठी उसनवार पाठविली, आणि आपल्या मूर्ती त्यांच्या पंक्तीस समान मानाने बसल्या. तो उपक्रम स्तुत्य होता. त्यातून जो धडा मी घेतो तो मात्र सूचकांच्या धड्याहून वेगळा आहे. वस्तू मुदतीने जाते, मुदतीने परत येते. तिच्या मालकीचे आणि मुक्कामाचे ठिकाण बदलत नाही. तेरची हस्तिदंती मूर्ती मुंबईस, दिल्लीस, वाटल्यास अलेक्झांड्रियासही प्रदर्शनास जावी, पावती होऊन जावी आणि पावती होऊन परत यावी. कायमची हलविली तर ती हस्तिदंताची एक सुरेख मूर्ती राहील. तेरमध्ये ती तगरची साक्षीदार आहे.

पण गावात राहावी असे म्हणणाऱ्यावर जबाबदारी येते. नुसते गावात ठेवणे म्हणजे जतन नव्हे. कपाटात दाटीने मांडलेल्या, नाव-काळ-स्थळ यांचा पुरता निर्देश नसलेल्या वस्तू गावात असून नसल्यासारख्या असतात, आणि धाराशिवच्या शाळेतला मुलगा पाठ्यपुस्तकातून इजिप्तच्या पिरॅमिडांची उंची पाठ करतो पण त्याच इजिप्तशी आपल्या तालुक्याचा जो रोजचा व्यवहार होता त्याची त्याला दादच नसते, ही स्थिती लाजिरवाणी आहे. तेरच्या परिसरातील पांढरीची टेकाडे अजून शिल्लक आहेत, त्यांची मोजणी होऊन महसुली नकाशावर त्यांच्या हद्दी लागल्या पाहिजेत. आणि त्या हद्दीतील शेतकऱ्याला दंडाच्या आधी मोबदल्याची भाषा ऐकू आली पाहिजे. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याचे नाव तिच्याखालील पाटीवर लिहावे. लामतुरे यांचे नाव संग्रहालयाच्या दारावर आहे. मग नांगराला मणी लागलेल्या शेतकऱ्याचे नाव मण्याखाली का असू नये?

खर्चाची सबब या बाबतीत टिकणारी नाही. येथे कोठलाही डोंगर पोखरावयाचा नाही, करवतीने कापलेले काही सांधावयाचे नाही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने तेरच्या संग्रहातील प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह मराठी सूची छापून ती स्वस्त किमतीत जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत पोहोचवावी, आणि जिल्हा नियोजन समितीने येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळ्या नावाने तरतूद करावी. आमदार-खासदारांना निवेदने देण्याची ज्यांना सवय आहे त्या संस्थांनी या वर्षीचे एक निवेदन यासाठी राखून ठेवावे, आणि वाचकांनी पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन झाल्यावर परतीची गाडी धरण्यापूर्वी लामतुरे संग्रहालयात निदान तासभर काढावा.